धावणारी भाषा, चालणारी भाषा

इंग्रजीत तीन अक्षरांचा एक शब्द आहे: रन. दिसायला अगदी किरकोळ. पाठ्यपुस्तकात तो सुरुवातीच्या पानांतच भेटतो. शेजारी पळणाऱ्या मुलाचे चित्र असते. पोरे एका सुरात 'रन म्हणजे पळणे, रन म्हणजे पळणे' असा घोष करतात आणि शिकवणाऱ्याला वाटते, चला, एक शब्द झाला! महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आले. तेव्हापासून सहा वर्षांच्या पोरासोरांशीही या शब्दाची ओळख होते. पण ही ओळख रेल्वेच्या डब्यातल्या ओळखीसारखी आहे. गृहस्थ मोठे साधे वाटतात. पुढे कळते की त्यांचे सहाशे धंदे आहेत.

सहाशे हा आकडा मी अलंकार म्हणून घातलेला नाही. ऑक्सफर्डचा तो प्रचंड इंग्रजी कोश आहे ना, त्याची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली. त्या काळी सर्वांत मोठी नोंद 'सेट' या शब्दाची होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही 'सेट'नेच सुमारे ४३० अर्थांसह पहिला नंबर राखला. पुढे नव्या आवृत्तीचे काम सुरू झाले आणि 'रन'ने 'सेट'ला मागे टाकले. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर नावाच्या एका कोशकाराने त्यासाठी नऊ महिने खर्ची घातले, ही गोष्ट २०११ साली वर्तमानपत्रांतून गाजली. नऊ महिने! आपल्याकडे तेवढ्या मुदतीत एक जीव जन्माला येतो; तिकडे एक क्रियापद जन्माला आले.

पंडितांची ही तऱ्हा, तर आमच्या जळकोटच्या पोरांनी काय करावे? पोरे आपली इमानी असतात. एकदा पळणे म्हणून सांगितले की ती पळणेच धरून बसतात. 'माझे वडील दुकान चालवतात' या अर्थाचे इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहिले आणि अर्थ विचारला. एक चुणचुणीत पोरगा उठला आणि म्हणाला, "माझे वडील दुकान पळवतात." वर्ग खदखदून हसला. योगायोगाने त्या पोराच्या वडिलांचे खरोखरच किराणा दुकान होते. त्यामुळे पुढे महिनाभर पोरे त्याला विचारीत होती, "काय रे, दुकान कुठवर पळालं?"

दुसऱ्याने नाक धावते केले. तिसऱ्याने नदी पळवली. चौथीने, म्हणजे चौथ्या बाकावरच्या मुलीने, 'हा स्वभाव त्यांच्या घराण्यातच आहे' याचे भाषांतर 'तो त्यांच्या घरात पळतो' असे केले. मी विचारले, "कोण पळतो गं?" ती म्हणाली, "स्वभाव, सर." आता सांगा, यात चूक काय काढायची? काही काही घरांतून स्वभाव असा पळताना मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

पोरांच्या अशा वह्या तपासता तपासता एक गंमत ध्यानात आली. इंग्रजी माणूस जिथे जिथे 'धावतो', तिथे तिथे आपण बहुधा 'चालतो'. त्याचे दुकान धावते, आपले चालते. त्याचे यंत्र धावते, आपले चालते. त्याची मोटार, त्याची शाळा, त्याचे सरकार, त्याचे नाटक, सगळे धावत असते. आपल्याकडे हेच सारे शांतपणे चालत असते. कुळाचा वंश चालतो, कोर्टात खटला चालतो, श्वास चालतो, एखाद्या बाईची जीभ चालते, एखाद्या बाबाची घरात काही चालत नाही. पोट बिघडले तर तेही चालते. इंग्रजाचे मात्र त्या बाबतीतसुद्धा धावते, आणि इथे त्याचा शब्द अधिक यथार्थ आहे हे कबूल केले पाहिजे.

बरे, चालण्याचा आपला पसारा एवढ्यावर थांबत नाही. राजाची चाल वेगळी, गाण्याची चाल वेगळी, बुद्धिबळातली वेगळी आणि शेजाऱ्याने बांध कोरताना खेळलेली वेगळी. 'चालू' वर्ष असते आणि 'चालू' माणूसही असतो. चालते ते चलन. निजामाच्या राजवटीत आमच्याकडे हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखातला रुपया 'कलदार' म्हणून ओळखला जाई. कोणता कुठे चालतो हे बाजाराला जाणाऱ्याला ठाऊक असावे लागे. 'हाली' या शब्दाचा अर्थ तरी काय? सध्याचा, चालू. म्हणजे तिथेही चालणेच. आणि कुणी काही विचारले, जमेल का, पुरेल का, आवडेल का, या साऱ्याला मराठी माणसाचे एकच उत्तर असते: चालेल! चहात साखर नसली तरी चालेल, असली तरी चालेल, चहाच नसला तरी चालेल.

आमच्या गावाची जागा अशी आहे की भाषांचा हा चालण्याचा छंद येथे चारी बाजूंनी ऐकू येतो. जळकोट आज लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे. पूर्वी ते उदगीर तालुक्यात होते, आणि उदगीर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. एका अंगाला कर्नाटक, दुसऱ्या अंगाला तेलंगण. बाजारात मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू कानावर पडते. कानडीत चालणे म्हणजे 'नडे', आणि एखादी गोष्ट चालवणे म्हणजे 'नडेसु'. तेलुगूत 'नडुचु' आणि 'नडुपु'. उर्दूत तर 'चलना' आणि 'चलाना' आहेच. म्हणजे चारही भाषांतले दुकानदार आपापली दुकाने पायी चालवतात! या चौघांत पाचवी इंग्रजी येते आणि तिचे दुकान एकदम धावत सुटते. पोरांना धाप लागली तर नवल नाही.

पण साऱ्या युरोपाला धावण्याचे वेड आहे असे मात्र समजू नये. फ्रेंच माणसाचे यंत्र आपल्यासारखेच चालते. त्यांच्या भाषेत 'मार्शे' म्हणजे पायी चालणे, आणि काही पसंत असले की तो म्हणतो, 'सा मार्श'. शब्दशः अर्थ 'ते चालते', म्हणजे आपले 'चालेल'च की! पॅरिसचा गृहस्थ आणि जळकोटचा गृहस्थ या एका बाबतीत सख्खे भाऊ निघाले. जर्मनांचा 'लाउफेन' हा शब्द असा की त्यात धावणेही येते आणि काही प्रांतांत चालणेही. खुद्द इंग्रजीतही घरात एकवाक्यता नाही. निवडणूक आली की अमेरिकेतला उमेदवार तिच्यासाठी 'धावतो', इंग्लंडातला 'उभा राहतो'. आपल्याकडेही उमेदवार उभाच राहतो. धावण्याचे काम त्याचे कार्यकर्ते करतात. आणि निकालानंतर मतदार.

इंग्रजीला हे धावणे कुठून जडले असेल, याचा मी माझ्यापुरता विचार करून पाहिला आहे. पाणी धावते ही कल्पना त्यांच्याकडे फार जुनी. वाऱ्यावर धावणारे जहाज हीही जुनी. मग गिरण्या आल्या, वाफेची इंजिने आली, रेल्वे आली, आणि आता संगणक आले. जे जे नवे यंत्र आले त्याला त्यांनी तोच जुना शब्द जोडला आणि शब्द फुगत गेला. आमच्याकडे यंत्रे आली तेव्हा ती बैलगाडीच्या रस्त्यानेच आली. आम्ही त्यांना म्हणालो, या, बसा, आणि आमच्याबरोबर चाला.

म्हणून मराठी धावतच नाही असे नव्हे. ती कुठे धावते ते पाहण्यासारखे आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी पट्टा चढवतात, तिला 'धाव' म्हणतात. विहिरीवर मोट होती त्या दिवसांत बैल ज्या उतारावरून मोट ओढीत खाली येत, तीही 'धाव'. आता मोटा गेल्या, विजेचे पंप आले. पण जुन्या विहिरींच्या काठी तो उतार अजून कुठे कुठे दिसतो. शिवणकामात सुई साधी पुढे पुढे नेत जायचे, तो धावदोरा. क्रिकेटच्या धावा आहेत आणि संकटातल्या माणसाने देवाचा केलेला धावाही आहे. शेवटच्या षटकात दोन्ही एकदमच लागतात. थोडक्यात, पोरांच्या आजोबांना एका 'धाव'चे चार अर्थ कुणी न शिकवता येत होते. नातवाला 'रन'चे चार अर्थ जड जातात, ते त्याच्या डोक्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. आजोबा त्या उतारावर बैलांमागे उभे होते; नातवाने तो शब्द फक्त कागदावर पाहिला.

परक्या भाषेच्या शब्दापुढे असे तिष्ठणे हे काही आपल्याच वाट्याला आले असे नाही. मोल्सवर्थ नावाचा कंपनीच्या फौजेतला एक साहेब मराठीपुढे असाच उभा राहिला होता. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. तो कोश कधी चाळून पाहावा. 'लागणे' हे एक क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, लग्न लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. झाडाला आंबे लागतात, दूध पातेल्याला लागते, वाटेत गाव लागते, पाहुणा नात्याने मामा लागतो. साप चावला तर त्याचे नावही न घेता 'पान लागले' म्हणतात. त्या साहेबाला हा शब्द 'लागला' असेल तेव्हा त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल! आमच्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचे चेहरे खुलतात. साहेबही आपल्या भाषेपुढे अडला होता, ही गोष्ट नापासाच्या शिक्क्यावर चांगला उतारा आहे.

इथपर्यंत सारी हसण्याची गोष्ट झाली. पण एका शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असणे किती महाग पडू शकते, तेही मी पाहिले आहे.

दोन वर्षांमागची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. जवळच्या एका वाडीवरचे शेतकरी माझ्या दारात आले. मुलगा पुण्याला शिकायला ठेवलेला. जाताना घरात थोडी कुरबूर झालेली, कारण त्याला जायचे नव्हते आणि बापाने सोयाबीनच्या पट्टीवर उचल घेऊन फी भरलेली. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि हात कापत होता. वसतिगृहाकडून इंग्रजीत निरोप आला होता. मुलाचा फोन लागत नव्हता. शेजारच्या आठवीतल्या पोराकडून त्यांनी तो निरोप वाचून घेतला होता. त्या पोराला त्यातले तीन शब्द ओळखीचे निघाले: मुलगा, पळणे आणि तापमान. त्याने हिशेब जुळवला, पुण्यात ऊन फार आहे आणि पोरगा पळाला आहे.

"गुरुजी," ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "ह्यात काय लिवलंय ते खरं खरं सांगा. लेकरू पळून गेलं म्हनायलेत. तिची आई तिकडं रडून रडून आडवी झालीय."

मी निरोप वाचला. मुलाला जोराचा ताप भरला आहे, पालकांनी ताबडतोब यावे, एवढाच मजकूर होता. इंग्रजीत ताप 'येत' नाही. तिथे माणूस ताप घेऊन धावतो.

"मामा, पळाला नाही," मी म्हणालो. "ताप आलाय त्याला. तिथंच आहे तो, वसतिगृहात."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग मटकन ओट्यावर बसले. "ताप हाय व्हय? नुसता ताप?" असे दोनदा विचारले आणि टोपी काढून तोंड पुसले. "देवा, लई उपकार झाले तुझे," ते म्हणाले, आणि हसू लागले. मुलाला ताप आला म्हणून देवाचे उपकार मानणारा बाप मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. घरातून पाणी आले, ते त्यांनी एका दमात संपवले. रात्रीच्याच गाडीने ते पुण्याला गेले. पोराला डेंग्यू निघाला. म्हणजे 'नुसता ताप' तोही नव्हता. आठ-दहा दिवसांनी बापलेक दोघे घरी आले तेव्हा पोरगा वाळून काडी झाला होता, पण धड होता.

त्या आठवीतल्या पोरावर गावात काही जण चिडले. मला मात्र त्याचा राग आला नाही. पुस्तकाने दिलेला अर्थ त्याने इमानाने वापरला होता. राग यायचाच असेल तर याचा यावा, की ज्या बापाची सही मराठीत घेतली जाते, त्याला त्याच्या पोराचा ताप इंग्रजीत कळवला जातो. इंग्रजी शिकणे म्हणजे बढती आणि साहेबी थाट, असे आपण समजतो. खेड्यात ते पुष्कळदा एवढ्यासाठीच लागते: औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, बँकेच्या कागदात काय आहे, आणि पोरगा पळाला आहे की तापला आहे.

तेव्हापासून हा शब्द शिकवताना मी पळणाऱ्या मुलाचे चित्र बाजूला ठेवतो आणि आमच्याच जिल्ह्याचा इतिहास फळ्यावर मांडतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते. मिरजेहून पाण्याची पहिली गाडी दहा वाघिणी घेऊन निघाली. एकेका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर पाणी. सुमारे साडेतीनशे किलोमीटरची वाट तुडवून ते शहरात पोहोचले. आता हेच इंग्रजीत सांगा. धरण आटले, तिथे हा शब्द. शहरातले पाणी संपले, तिथे हाच शब्द. मिरजेहून गाडी सुटू लागली, तिथेही हाच. नळाला पाणी वाहू लागले, तरी पुन्हा हाच! आटणे, संपणे, सुटणे, वाहणे. आपल्याकडे एकमेकांची तोंडे न पाहणारे हे चार शब्द इंग्रजीत एकाच घरात नांदतात. पोरांना तो उन्हाळा घरच्यांच्या तोंडून ठाऊक असतो. घागरींच्या रांगांच्या गोष्टी त्यांनी आईकडून ऐकलेल्या असतात. तिथे अर्थ पाठ करावा लागत नाही. शब्दापुढे पाणी आहे, गाडी आहे की नळ आहे, एवढे पाहिले की अर्थ आपोआप उमगतो.

मी त्यांना सांगतो, शब्दाला एकटे गाठून अर्थ विचारू नका. त्याची सोबत बघा. दिवाळीत घर भरते तेव्हा पाहा. भाऊबिजेला माहेरी आलेली बाई एकच असते. पण कुणाची ती ताई, कुणाची आत्या, कुणाची नणंद, कुणाची लेक. आणि पाडव्यापर्यंत सासरी असते तेव्हा सून, जाऊ, काकू, मामी. भाचरांना ती फराळाचे ताट पुढे करते तेव्हा एक असते, भावाला ओवाळताना दुसरी, आणि रात्री आईच्या कुशीत तोंड घालून चार गोष्टी सांगते तेव्हा तिसरीच. 'ही बाई म्हणजे कोण' असे कुणी परक्याने विचारले तर एका शब्दात उत्तर देता येईल का? आधी विचारावे लागेल, "कुणापाशी?" शब्दांचेही तेच आहे. पोरांना हे पटकन पटते, कारण नाती मोजायला त्यांना कोश लागत नाही.

यंदा हा पाठ झाल्यावर एका मुलीने मलाच पेचात पकडले. ती म्हणाली, "सर, आपल्या 'चालायचंच'ला इंग्रजीत काय म्हणायचं?"

मी शब्द शोधू लागलो. 'चालेल'ला तिकडे शब्द आहेत, 'चालू'ला आहेत, 'चालवतो'ला तर 'रन' हजरच आहे. पण 'चालायचंच'? ऐन काढणीत पाऊस येऊन सोयाबीन काळे पडते, तेव्हा बांधावर बसलेला माणूस जे म्हणतो, ते. त्यात थोडा धीर असतो, थोडी हार असते. आणि आपले दुःख शेजाऱ्याच्या अंगावर लोटायचे नाही हा भिडस्तपणा तर बराच असतो. पुण्याहून परतलेल्या त्या मामांना मी विचारले होते, "फार खर्च झाला असेल?" तेव्हा पोराच्या पाठीवर हात ठेवून तेही हेच म्हणाले होते.

मी मुलीला दोन-तीन इंग्रजी वाक्ये सांगून पाहिली. तिने ती वहीत उतरवून घेतली, मनाशी म्हणून पाहिली आणि मान हलवली. "नाही सर," ती म्हणाली, "हे तसं वाटत नाही." मग तिने वहीत एका बाजूला 'चालायचंच' असे मराठीतच लिहिले आणि समोरची ओळ कोरी सोडली. तिने ती आजवर कोरीच ठेवली आहे, आणि मीही ती भरायची घाई केलेली नाही.